दुसऱ्याच्या खळ्यावरची जागल

माघ सरत आला की दौंडच्या पोलीस लायनीवरून कडब्याच्या गाड्या जायला लागतात. गाडी दिसत नाही, चाकं दिसत नाहीत. नुसता कडब्याचा ढीग डुलत डुलत येतो आणि त्याच्या माथ्यावर कुणीतरी गडी आडवा पडून विडी ओढत असतो. मी खिडकीतून त्याला सांगते, "अहो, ती विडी विझवा आधी." तो मान वळवून बघतो, ह्या बाईचा काय संबंध असं त्याच्या तोंडावर दिसतं, आणि गाडी पुढे जाते. लायनीतल्या बाया हसतात. म्हणतात, हवालदारीणबाईंचं सुगीचं वेड सुरू झालं.

हसू देत बापड्या. त्यांनी कडब्याची गंजी पेटलेली पाहिलेली नाही. पण खरं सांगायचं तर कडब्याचा तो गोडसर, कोरडा वास नाकात गेला की मला आधी आग आठवत नाही. हुरडा आठवत नाही, मळणीचे बैलही आठवत नाहीत. आधी आठवतात त्या राहेलबाई, आणि इतक्या वर्षांनीही माझ्या पोटात दुखायला लागतं.

शिरूर तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलून सांगते, कारण ती माणसं अजून नांदती आहेत. घोडनदीच्या काठचं, काळ्या जमिनीचं, शाळूचं गाव. आमचे हे तिथल्या चौकीचे हवालदार. चौकी म्हणजे चावडीला लागून असलेल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत सरकार आणि मागच्या खोलीत मी. पहिल्यांदा बैलगाडीतून उतरलो तेव्हा सगळ्या शिवारात शाळू पोटरी सोडून उभा होता, आणि वारा आला की सगळं रान एका बाजूनं कुजबुजल्यासारखं व्हायचं. पुढचं दीड वर्ष मी त्या गावात कुजबुजच ऐकली. शब्द मात्र कुणी ऐकू दिला नाही.

त्या पहिल्याच सुगीत मारुतीची गंजी जळली. दुपारची वेळ होती, वारा सुटलेला. गावाबाहेर खळी एकाला एक लागून होती, आणि वर्षभराचा कडबा रचून ठेवलेली ती गंजी बघता बघता सुपातल्या भुसासारखी उडाली. माणसं घागरी घेऊन धावली, पण तोवर फक्त काळं वर्तुळ उरलं होतं. मारुती म्हणजे तिशीतला गडी, दोन बैल, एक म्हैस, आणि त्या जनावरांच्या तोंडचा घास डोळ्यांदेखत गेलेला. त्याचा संशय सरळ होता. चुलतभाऊ दगडूआप्पा. दोघांची विहीर एक, मोटेच्या पाळीवरून आठच दिवसांपूर्वी दोघांत शिवीगाळ झालेली. पुरावा काही नव्हता. मारुतीनं आरडाओरडा केला नाही, चौकीवर तक्रारही दिली नाही. तो एवढंच म्हणाला, "व्हऊ दे. फुडली सुगी येनारच हाय."

हे वाक्य सगळ्या गावानं ऐकलं आणि वर्षभर जपून ठेवलं. पुढच्या सुगीला दगडूआप्पांची गंजी पेटणार, आणि ती पेटली की दोन्ही घरांतल्या कुऱ्हाडी बाहेर निघणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ह्यांना रात्र रात्र झोप नसे. आणि मला झोप नसे ती वेगळ्या कारणानं.

मी गंजी जळाली त्या दिवशी तिथे गेले होते. मारुतीची बायको पारू राखेच्या कडेला मातीत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, आणि अगदी मायेनं विचारलं, "तुझा कुणावर संशय आहे का गं?" तिनं पदर तोंडात धरला आणि मान खाली घातली. तेवढ्यात राहेलबाई आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. पारूचा उजवा हात उलटा करून पाहिला, तळवा भाजला होता, त्यावर डबीतलं मलम लावलं आणि तिच्यासमोर फतकल मारून बसून राहिल्या. थोड्या वेळानं मी उठले. मागे वळून पाहिलं तर पारू बोलत होती. माझ्याशी दातखीळ बसलेली बाई त्यांच्याशी बोलत होती.

ह्या राहेलबाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यातल्या परिचारिका. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावर बारीक पांढरा अंबाडा, बारीक काठाचं पांढरं लुगडं, हातात पत्र्याची औषधाची पेटी आणि उन्हाळा-पावसाळा छत्री. त्या पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. शिरूरच्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, रविवारी प्रार्थनेला जायच्या आणि सोमवारी पायी चालत परत यायच्या. कित्येक घरांत अजून त्यांना पाणी वरून ओंजळीत घालत. त्या ओंजळीतलं पाणी पिऊन पदराला हात पुसायच्या आणि उंबऱ्याबाहेरच बसायच्या. त्याच घरांत मला घोंगडं अंथरून बसवत, तांब्याच्या फुलपात्रात पाणी देत. आणि मग घोंगड्यावरच्या मला सांगत की यंदा थंडी बरी आहे, आणि उंबऱ्याबाहेरच्या त्यांना सांगत की सासू उपाशी ठेवते, दीर दारू पिऊन येतो, थोरल्यानं विळा परजून ठेवला आहे.

मला त्या फुलपात्राची किती चीड येत असे म्हणून सांगू.

नदीवर धुणं धुवायला गेले की माझ्या आधी आलेल्या बायांचं बोलणं शंभर पावलांवरून ऐकू येई. मी वळणावर दिसले की सगळ्या एकदम कपडे आपटायला लागत. मी बसले की एखादी म्हणे, "पानी गार हाय न्हाई का आज." पाणी गार होतंच, रोजच असायचं. मी ह्यांना सांगितलं तर हे हसले. म्हणाले, अगं तुझ्या कानात गेलेलं माझ्या कानात येणार आणि माझ्या कानातलं शिरूरच्या कचेरीत जाणार, हे त्यांना कळतं. बरोबर होतं. पण बरोबर असलं म्हणून बोचायचं थांबतं का?

आणि ह्यांना स्वतःला काय गरज होती दर आठवड्याला मिशनच्या दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसायची? टोपी आणि काठी पायरीवर ठेवायचे, जणू देवळात निघालेत. राहेलबाई बिनदुधाचा चहा द्यायच्या आणि हे तो मिटक्या मारत प्यायचे, घरी दूध जरा कमी पडलं तर कपाळाला आठ्या घालणारे हे. परत आले की सगळं बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. राहेलबाई असं म्हणत होत्या, राहेलबाईंना तसं वाटतं. माझी सवत असती तर बरं झालं असतं. सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या धरता येतात, माहेरी निघून जाता येतं. पांढऱ्या केसांच्या, पायाला भेगा पडलेल्या, माझ्याच पोराच्या तापात सारी रात्र उशाशी बसलेल्या बाईशी कसं भांडणार?

म्हणून मी त्यांच्यासारखं करून पाहिलं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू नेले. जात्यावर बसून दुसऱ्याचं दळण ओढलं, हाताला फोड आले. पण माझ्या तोंडून प्रश्न सुटायचाच. काय गं, कशावरून झालं? कोण म्हणालं? आणि समोरच्या बाईचं तोंड शिंपल्यासारखं मिटायचं. राहेलबाई कुणाला काही विचारीत नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं वेगळं आणि जिभेला आवरणं वेगळं. हवालदाराच्या घरात नांदून माझीही जीभ पंचनामा करायला शिकली होती.

दुसरी सुगी आली. पौषात पहाटे धुकं असायचं, आणि ऊन वर आलं की शाळूच्या कणसांवर दवाचे थेंब तसेच लोंबत असायचे. मग हुरडा. रानात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, गरम गरम कणीस हातावर चोळून दाणे काढायचे, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. मग कापणी, मग बांधणी. खळी सारवली गेली, मधोमध तिवडा रोवला गेला, मुसक्या बांधलेले बैल त्याभोवती फिरायला लागले. वारा धरून उफणणी सुरू झाली की सगळ्या गावाच्या पापण्यांवर भुसकट बसायचं. माणसं एकमेकांना बघून हसायची. आणि त्या हसण्याच्या मागे सगळ्यांचे डोळे दोनच गंज्यांकडे असायचे, एक दगडूआप्पांची आणि शेजारीच मारुतीची.

त्याआधी, हुरड्याच्या दिवसांतच एकदा, हे दवाखान्याच्या ओट्यावरून आले आणि जेवायला न बसताच परत निघाले. राहेलबाई म्हणाल्या होत्या, वरच्या आळीला जरा बसून या. बस, एवढंच. कोण, काय, कशासाठी, काही नाही. मी विचारलं, तुम्ही नाव विचारलं नाही? हे म्हणाले, "एकदा नाव विचारलं की पुन्हा त्या मला काही सांगणार नाहीत." मग हे वरच्या आळीला गेले, दोन्ही घरं तिथेच, आणि मारुतीच्या रानात हुरडा खात बसले. दुसऱ्या दिवशी दगडूआप्पांच्या रानात. तिसऱ्या दिवशी पुन्हा मारुतीच्या. माझ्या भाकऱ्या टोपल्यात वाळत होत्या. साऱ्या सुगीत माझा नवरा गावानं हुरड्यावर पळवला होता, आणि त्याच्यामागे कोण होतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

तेव्हा कळत नव्हतं ते आता दौंडला कळतं. इथे मालगाड्यांतून पोती पळवली जातात, मग शिट्ट्या वाजतात, धरपकड होते, झडती होते आणि कागद काळे होतात. तहान लागल्यावर विहीर खणणारं आमचं खातं. विहीर खणल्याचा मातीचा ढीग तरी दिसतो, म्हणून साहेब खूश असतात. न पेटलेल्या गंजीचा पंचनामा कोण करणार? न झालेल्या खुनाचं प्रेत कुणाला दाखवणार? आमचे हे सगळं आयुष्य अशा न झालेल्या गोष्टींच्या मागे धावले आणि त्यांच्या छातीवर कधी बिल्ला आला नाही. मी मात्र तेव्हा बिल्ल्याचा विचार करत नव्हते. माझ्याकडे कुणीतरी एकदा येऊन म्हणावं, बाई, जरा ऐकता का, एवढंच मला हवं होतं.

मळणी संपत आली तसं ह्यांनी गावाला चावडीत बोलावलं. मी मागच्या खोलीत, भिंतीला कान लावून. कान लावायचीही गरज नव्हती, इतकं शांत होतं. ह्यांनी कुणाला दम दिला नाही, जामीन मागितला नाही. म्हणाले, ह्या सुगीत गंज्यांच्या राखणीला रात्रीची जागल करायची ती अशी करायची. दगडूआप्पांच्या गंजीवर मारुती जागल करील, आणि मारुतीच्या गंजीवर दगडूआप्पा. आपापल्या खळ्याकडे दोघांनीही फिरकायचं नाही.

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून म्हणालं की चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या झाल्या ह्या. थोडे लोक हसले. दगडूआप्पा साठीचे, जड बोलणारे. ते म्हणाले, "आन् ह्यानं पेटवली तर?"

"तर कुणाच्या जागलीत पेटली हे सगळ्या गावाला ठाऊक असेल," हे म्हणाले. "आज ते ठाऊक नाही, म्हणून तर एवढं भय आहे."

मारुती उठून उभा राहिला. दगडूआप्पांच्या खळ्यावर पाऊल ठेवणार नाही म्हणाला आणि चावडीतून निघून गेला. माणसं एकेक करून उठली. मला खरंच वाटलं, आता संपलं. आज ना उद्या आग दिसणार. आणि, आता सांगायला हरकत नाही, त्या भीतीच्या आतही एक बारीकसा आवाज म्हणत होता की बघू आता काय करतात तुमच्या राहेलबाई.

तिन्हीसांजेच्या आधी, चांगलं ऊन असताना, पारू घराबाहेर पडली. नवऱ्याचं घोंगडं तिनं डोक्यावर घेतलं होतं, वर त्याची काठी आडवी. भर गावातून, देवळावरून, चावडीवरून ती चालत गेली आणि ते घोंगडं तिनं दगडूआप्पांच्या खळ्यावर नेऊन अंथरलं. सगळं गाव ओट्यावर उभं राहून बघत होतं. ज्या घराची गंजी जळली त्या घरच्या बाईनं आपल्या वैऱ्याच्या खळ्यावर नवऱ्याचं अंथरूण टाकलं होतं. आता मारुतीला ते गुंडाळून परत आणायचं तर साऱ्या गावासमोर आणावं लागलं असतं. तो खळ्यावर गेला. मग दगडूआप्पांनाही आपलं घोंगडं उचलावंच लागलं.

मला त्या वेळी वाटलं, काय ही बाई, किती मोठं मन हिचं. कारण मला काहीच माहीत नव्हतं.

आणि मग जे झालं ते बघून हसू यायचं. आपल्या गंजीची घेतली नसती एवढी काळजी दोघं दुसऱ्याच्या गंजीची घ्यायला लागले. मारुतीनं विडी सोडली, निदान खळ्यावर तरी. दगडूआप्पांनी मारुतीच्या गंजीभोवती पाण्याच्या घागरी मांडल्या. आपल्याच पोरांना ते खळ्यावरून हाकलत. सकाळी दोघं डोक्यात भुसकट घेऊन आपापल्या घरी परतायचे, वाटेत समोरासमोर यायचे आणि दोघांच्याही तोंडावर एकच भाव असे, तुझं नीट आहे, आता माझं सांग. बोलत नव्हते. पण बघत होते.

त्याच दिवसांत कुणाच्या तरी पोराचा पाय निखाऱ्यावर पडला. राहेलबाई मलमपट्टी करताना जमलेल्या बायांना म्हणाल्या, चिलमीसाठी घरून खापरात विस्तव घालून खळ्यावर न्यायचा, ही कुठली रीत? वाऱ्याला काय डोळे असतात? त्या सुगीपासून गावात खळ्यावर विस्तव न्यायचं बंद झालं. अगदी बंद. आमच्या ह्यांनी तेच दोनदा दवंडी देऊन सांगितलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, तुमची दवंडी गेली वाऱ्यावर आणि बाईंचा शब्द मात्र झेलला. हे म्हणाले, काम झालं ना? ह्या माणसाला हेवा म्हणून वाटत नसे. त्याच्या वाट्याचा सगळा देवानं मला दिला होता.

पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या तेव्हा दोन्ही गंज्या शाबूत होत्या. दगडूआप्पांनी मारुतीच्या घरी पुरणाचं ताट पाठवलं. मारुतीनं ते परत पाठवलं नाही. एवढंच. दोन्ही घरचे बैल वर्षभर पोटभर खाणार होते आणि कुऱ्हाडी लाकडं फोडायला मोकळ्या राहिल्या. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी चौकीचे कागद चाळले आणि ह्यांना विचारलं, वर्षभरात गुन्हेच नाहीत, झोपा काढता की काय? वैशाखात बदलीचा हुकूम आला. दौंड.

निघायच्या दिवशी राहेलबाई केंदूरला कुणाच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मला बरंच वाटलं. हे मात्र चार वेळा रस्त्याकडे बघून आले. गाव जमलं होतं, नारळ देत होतं, ह्यांच्या पाया पडत होतं. दगडूआप्पा आणि मारुती दोघांनी मिळून आमची पेटी गाडीत चढवली. तेव्हा पारू मागच्या दारानं आत आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या होत्या. रिकाम्या खोलीत ती माझ्यासमोर खाली बसली. मी उभीच होते, मग मीही बसले.

"आता तुमी चालला, म्हून सांगते," ती म्हणाली. "ती गंजी दगडूभाऊजींनी न्हाई पेटवली. म्या विस्तव नेत व्हते धन्याच्या चिलमीला. वारं आलं. हातानं विझवाया गेले, न्हाई विझली."

माझ्या डोळ्यांसमोर तिचा भाजलेला तळवा आला. वर्षभर नवरा चुलतभावाचा जीव घ्यायला निघाला होता, आणि हिच्या एका वाक्यानं ते थांबलं असतं. पण ते वाक्य बोलली असती तर त्या रागात तोच हिच्या जिवावर उठला असता. ते भय घेऊन ही वर्षभर त्याला भाकरी वाढत होती. म्हणून ते घोंगडं. आणि त्या उलट्या जागलीत कुणाचं नाव न घेता दोन्ही घरं वाचली.

मी तिचा हात धरला. मला रडू येत होतं, कारण शेवटी कुणीतरी मला सांगितलं होतं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं ते हेच, "राहेलबाईंना ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधी सांगितलंस?"

"त्याच दिशी. राख गरम व्हती तवाच."

त्या राखेजवळ मीही बसले होते. तिच्या पाठीवर हात ठेवून.

शिरूरला येऊन आम्ही दौंडची एसटी धरली. मग ह्यांनी विचारलं, पारू एवढा वेळ आत काय बोलत होती? मी म्हटलं, "काही नाही, वाटेत खायला दशम्या दिल्यात." हे माझ्याकडे बघत राहिले. पुढे काही विचारलं नाही. पण जरा वेळानं खिडकीबाहेर बघत, अगदी खूश होऊन म्हणाले, "राहेलबाईंना काही विचारलं ना, की त्याही असंच काहीतरी खायचं-प्यायचं सांगायच्या."

दौंड येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.